टीएलसी प्लेट
काच किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर दिला की पातळ थराच्या वर्णलेखनाची, म्हणजे टीएलसीची प्लेट तयार होते. खार्किव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्राइबर यांनी १९३८ साली अ‍ॅल्युमिनाच्या थरावर औषधी वनस्पतींचे अर्क तपासले होते. पण पद्धत रुळली ती १९५० नंतरच्या दशकात, जर्मनीतील एगॉन श्टाल यांनी सिलिकाची प्रत आणि थराची जाडी ठरवून दिल्यावर. पण एक गैरसमज आढळतो, की डागाने कापलेल्या अंतराला थरातून वर चढणाऱ्या विद्रावकाने कापलेल्या अंतराने भागून येणारे आरएफ मूल्य हा पदार्थाचा कायमचा पत्ता आहे. तसे ते नाही. हवेतील दमटपणा सिलिकाला लागतो, भांड्याच्या झाकणाखाली विद्रावकाची वाफ पुरेशी साठलेली नसते, आणि तोच पदार्थ आज ०.४० तर उद्या ०.४६ दाखवतो. म्हणून प्लेटची साक्ष ग्राह्य धरायची ती तुलनेपुरती, तीही एकाच प्लेटवरच्या.

हळदीचे उदाहरण घ्या. प्लेटच्या तळापासून सेंटिमीटरभर वर पेन्सिलीने रेघ मारतात. कारण पेनची शाई विद्रावकाबरोबर वर पळते. रेघेवर केशनळीने तीन ठिपके द्यायचे: एक हळदीच्या मिथेनॉलमधील अर्काचा, एक प्रमाणित कुर्क्युमिनचा आणि मधला दोन्हींचा, एकावर एक. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या ९५:५ मिश्रणात अर्काचे तीन पिवळे डाग सुटतात. सर्वांत वर कुर्क्युमिन, खाली त्याची मिथॉक्सी गट कमी असलेली दोन भावंडे. मधल्या रांगेत वरचा डाग दुभंगला, तर अर्कातला तो पदार्थ कुर्क्युमिन नव्हे, हे निश्चित. दुभंगला नाही, तर मात्र एवढेच म्हणता येते की या विद्रावकात फरक दिसला नाही. विद्रावक बदलून पुन्हा पाहायचे. प्लेटचा नकार पक्का असतो, होकार कच्चा.

एचपीएलसी, म्हणजे उच्च कार्यक्षमतेचे द्रव वर्णलेखन, हाताशी असताना हा उद्योग कशाला, असा आक्षेप असतो. मोजमापाच्या बाबतीत तो रास्तच आहे. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरव्या उजेडात दिसणारा काळा डाग त्या पदार्थाने किती प्रकाश शोषला ते सांगतो, वजन सांगत नाही. साखर तर त्या दिव्याखाली दिसतच नाही, तिला गंधकाम्ल फवारून तापवावे लागते. पण एचपीएलसीच्या स्तंभाला चिकटून राहिलेला घटक आलेखावर उमटत नाही. प्लेटवर तो आरंभरेषेवरच बसलेला असतो आणि योग्य फवाऱ्याने उघडा पडतो. अभिक्रिया कुठवर आली, स्तंभातून बाहेर पडलेला द्राव धरलेल्या कोणत्या नळ्या एकत्र करायच्या, हे प्रश्नही प्लेटवर दहा-पंधरा मिनिटांत सुटतात. अर्थात, ठिपक्यात जे आलेच नाही त्याबद्दल प्लेट मुकी असते. हळदीत मिसळलेले लेड क्रोमेट मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, गाळणकागदावरच राहते. तीन सुबक पिवळे डाग देणाऱ्या नमुन्यातही ते असू शकते, आणि त्यासाठी शिशाची वेगळी चाचणी लागते.