कॅन्सर संशोधकाचे पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स: मोबाइलवर कसं तपासायचं?

मागच्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘जगप्रसिद्ध कॅन्सर संशोधक, ३०० हून अधिक रिसर्च पेपर, हजारो सायटेशन’, आणि खाली एका काढ्याची ऑर्डर लिंक. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण तेव्हा माझ्या काकांची केमो चालू होती. तिसऱ्या सायकलनंतर ते पार गळून गेले होते. काकूचा फोन आला, “तुला मोबाइलमधलं सगळं कळतं ना रे? मग बघ ना, हा माणूस खरंच एवढा मोठा आहे का. असला तर केमो थांबवून हेच देऊ या.”

डॉक्टर मी नाही. पण पेपर आणि सायटेशन मोजायचं काम आपल्या मोबाइलवर फुकटात होतं, आणि ते कसं करायचं हे मला ठाऊक होतं.

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

एका संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला, की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा. गूगल स्कॉलर उघडा (ॲप लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं), पेपरचं नाव टाका. खाली ‘सायटेड बाय’ असं लिहून आकडा येतो, तोच हा.

कॅन्सरच्या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण बघा. डग्लस हॅनहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग या दोघांनी २००० साली ‘सेल’ या नियतकालिकात ‘द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर’ हा लेख लिहिला आणि २०११ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. दोन्हींची सायटेशन दहा हजारांच्या कितीतरी पुढे आहेत. गंमत म्हणजे यात नवा प्रयोग एकही नाही! साधी पेशी कॅन्सरची होताना तिच्यात कोणते गुण येतात, याची नीट मांडणी आहे. असे आढावा घेणारे लेख सगळेच संदर्भाला घेतात, म्हणून त्यांचा आकडा फुगतो. वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने माणसातलं पहिलं कॅन्सरकारक जनुक शोधण्यात मोठा वाटा उचलला, ते काम वेगळंच.

आता एच-इंडेक्स. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती सुचवली. समजा एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि सायटेशन ४०, १२, ६, ४ आणि १. किमान ४ सायटेशन असलेले ४ पेपर आहेत, पण किमान ५ असलेले ५ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. एकच पेपर तुफान गाजला आणि बाकीचे कुणी विचारलेच नाहीत, तर एच-इंडेक्स १ वरच अडकतो. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची साठीतल्याशी तुलना करू नका. गणितवाल्याची कॅन्सरवाल्याशी तर नकोच, दोन्हीकडचा हिशेबच निराळा.

आकडा मोठा, पण पेपर खोटा

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अनिल पोट्टी नावाचे कॅन्सर संशोधक होते. गाठीतल्या जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणती केमो लागू पडेल ते आधीच सांगता येतं, असा दावा करणारा त्यांच्या गटाचा पेपर २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. त्याला भराभर सायटेशन मिळाली. त्यावर आधारलेल्या चाचण्यांत खरेखुरे रुग्ण घेतले गेले. पण कीथ बॅगरली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा करून पाहिला, तर यादीतल्या ओळी एक घर खाली सरकलेल्या, कुठे ‘औषध लागू पडतं’ आणि ‘पडत नाही’ ही लेबलंच उलटी! २०१० मध्ये चाचण्या थांबल्या, जानेवारी २०११ मध्ये पेपर मागे घेतला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या चौकशीत संशोधनातला गैरप्रकार असल्याचा निष्कर्ष निघाला.

यातली मेख लक्षात आली का? चूक दाखवण्यासाठी संदर्भ दिला तरी तेही सायटेशनच मोजलं जातं. गूगल स्कॉलरच्या आकड्याला कौतुक आणि टीका यातला फरक कळत नाही. म्हणून तोच पेपर पबमेडवर शोधा. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं फुकट पोर्टल आहे. पेपर मागे घेतलेला असेल तर तिथे तसं ठळक लिहून येतं.

उलट बाजूही आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. २०० हून अधिक शोधनिबंध, १९८२ मध्ये पद्मभूषण. पण त्यांचं बरंच काम इंटरनेटच्या आधीचं. त्या काळातल्या संशोधकांचं मोठेपण स्कॉलरवरच्या आकड्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. शोधतानाही आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं अशा पद्धतीने शोधा, आणि लग्नाआधीचं आडनाव वेगळं असू शकतं हेही ध्यानात ठेवा.

मग त्या फॉरवर्डचं काय झालं?

फॉरवर्डमधल्या लिंकवरून मी त्या गृहस्थांचं स्कॉलर प्रोफाइल उघडलं. नावाखाली ‘नो व्हेरिफाइड ईमेल’. म्हणजे कोणत्याही संस्थेचा ईमेल पडताळलेला नाही. (हे प्रोफाइल ज्याचं तोच बनवतो, बरं का.) यादी खाली सरकवत गेलो तर कॅन्सरच्या पेपरांमध्ये सिमेंट-काँक्रीटचे पेपर! एकाच नावाच्या तीन-चार माणसांची कामं एका खात्यात कोंबलेली. प्रोफाइलवाल्याने न तपासता यादी मान्य केली की असं होतं, कधी मुद्दामही होतं.

पबमेडवर त्या नावाचे कॅन्सरवरचे चार पेपर निघाले. चारही काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे. डावीकडे ‘क्लिनिकल ट्रायल’चा फिल्टर असतो (मोबाइलवर तो फिल्टरच्या बटणामागे लपलेला असतो). तो लावला, आणि यादी रिकामी. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात.

मी काकूला फोनवरच स्क्रीनशॉट पाठवले आणि ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणजे माणसांवर केलेली चाचणी, एवढंच समजावलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हणजे हे अजून कुणा माणसाला देऊन बघितलेलंच नाही?” चौथी सायकल ठरलेल्या तारखेलाच झाली. उलट्या आणि थकव्याबद्दल डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी काकूने त्याच रात्री माझ्याकडून टाइप करून घेतली.