स्वच्छ सहकारी संस्था, पुणे

पुणे शहरात घरोघरचा कचरा गोळा करणारी कचरावेचकांची सहकारी संस्था. कचरावेचकांच्या मालकीची ही संस्था तिच्या रचनेमुळे देशातील नगरव्यवस्थापनात वेगळी ठरते. तिचे मूळ १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेत आहे. कामगार नेते बाबा आढाव या पंचायतीचे अध्यक्ष होते आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये स्वच्छशी करार केला. उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या, बहुतांश दलित स्त्रिया त्यानंतर दारोदार सेवा देऊ लागल्या.

शुल्काची पद्धत लक्षणीय आहे. रहिवासी दरमहा ठरावीक रक्कम थेट कचरावेचकाला देतात. वस्त्यांसाठी दर कमी असतो. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा वेगळे काढून भंगारवाल्याला विकल्यावर येणारे पैसेही त्यांचेच. त्यामुळे पुनर्चक्रण ही पालिकेची जादा योजना न राहता कचरावेचकाच्या रोजीरोटीचा भाग होते. मात्र रहिवाशांनी पैसे थकवले, तर झळ थेट कष्टकऱ्याला बसते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक झाले. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम संस्थेने राबवली. अशा पुडीला हात लावावा लागत असल्याने, ही खूण कचरावेचकांच्या आरोग्यासाठी महत्त्वाची आहे.