चौक ते बोरघाट : प्लगच्या उष्णतेचा इतिहास

मंडळी, आज आपण चौकात थांबू. खालापूर तालुक्यातलं हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. पुढे खोपोली, आणि मग बोरघाट. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा दमायचे ते बैल. मोटारी आल्यावर इंजिनं दमू लागली, आणि त्यांची तब्येत प्लगवर दिसू लागली.

प्लग ‘गरम’ की ‘थंड’, हे ठिणगीवरून ठरत नाही. आतल्या पांढऱ्या चिनी मातीचं नाक लांब असलं, तर उष्णता हळू निघते. तो गरम प्लग. आखूड असलं तर ती पटकन हेडमध्ये उतरते; तो थंड. नाक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८५०-९०० च्या पुढे गेलं, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. सिग्नलवर रखडणारी गाडी थंड प्लग काळा करते. भरलेली गाडी घाटात गरम प्लग पांढरा करते. मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीला एकाच दिवसात दोन्ही भोगावं लागे.

आता कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट घ्या. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की उष्णता वाढते, म्हणून प्लग एक पायरी थंड लागू शकतो. पण थंड कुठला? इथे इतिहास आडवा येतो. १९५१ साली बंगळुरात सुरू झालेल्या मिकोचं नातं बॉशशी. बॉशच्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा थंड : २२५ हा १७५ पेक्षा थंड. नव्या पद्धतीत उलट, ५ हा ७ पेक्षा थंड. एनजीकेत मात्र मोठाच आकडा थंड. नुसता आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग बसवला, तर सुधारणा म्हणून केलेलं काम इंजिनाच्या मुळावर येतं.

म्हणून जुने मिस्त्री आकड्याआधी रंग बघत. घाट चढून इंजिन लगेच बंद करायचं, निवल्यावर प्लग काढायचा. विटकरी-करडा असेल तर ठीक. पांढरा, फोड आलेला असेल तर आधी टायमिंग आणि कार्बोरेटर तपासायचा, मगच प्लग बदलायचा, तोही एकच पायरी. दुसरा दोष झाकायला थंड प्लग लावू नये, एवढं या रस्त्याने आपल्याला शिकवलं.