विद्येचे ऋण आणि घोड-भीमेचा काठ

१८८२ साली पुण्यात दोन माणसांनी सरकारला दोन गोष्टी सांगितल्या. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग त्या वर्षी हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करीत होता. जोतीराव फुले यांनी आपले निवेदन आयोगापुढे ठेवले आणि त्यात पैशाचा प्रश्न सरळ विचारला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो. मग त्याचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष का होते? त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. वय अवघे चोवीस, वैधव्य येऊन वर्षही लोटले नव्हते. त्यांनी शिक्षिका मागितल्या आणि पुढे जाऊन डॉक्टरीण बायका मागितल्या. आपल्या बायका परपुरुषाजवळ दुखणे बोलून दाखवीत नाहीत, त्यापेक्षा मरण पत्करतात. म्हणून स्त्रियांना वैद्यकाचे दार उघडा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

आज आपण ज्याला विद्यापीठाची सामाजिक जबाबदारी म्हणतो, ज्यासाठी परिपत्रके निघतात आणि मंडळे नेमली जातात, त्या सगळ्याची बीजे या दोन साक्षींत आहेत. विद्येचा खर्च कोण सोसतो, हे जोतीरावांनी विचारले. ती विद्या कोणाच्या दुखण्यावर उतारा ठरणार, हे रमाबाईंनी विचारले. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. शिकलेल्या माणसावर आणखी एक ऋण असते, ते ज्यांना शिकता आले नाही त्यांचे. हे ऋण फेडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतले काही पुण्याच्या पूर्वेस, घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झाले. म्हणून त्यांची हकीकत एकत्र पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम दौंडकडे वळू. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन पुण्यास परतल्या. पण पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते. शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी दौंड तालुक्यातील केडगावची वाट धरली. रेल्वेच्या रुळांजवळच्या त्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तेथील बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली होती. तेथे शाळा होती, आणि शाळेबरोबर शेती, विणकाम व छापखानाही होता. अंध मुलींना बोटांच्या स्पर्शाने वाचावयास शिकवले जाई. रमाबाईंच्या धर्मांतराने महाराष्ट्रात जो वाद उठला तो सर्वांस ठाऊक आहे; त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. केडगावी विद्या, आरोग्य आणि पोटापाण्याचा उद्योग या तीन गोष्टी एका छपराखाली आल्या, हे मात्र कोणालाही मान्य करावे लागेल. उपाशी मुलीला आधी भाकरी, मग औषध, मग पाटी, हा क्रम तेथे ठरला तो गरजेपोटी. रमाबाई १९२२ साली केडगावीच वारल्या.

त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा बळी घेतला. हडपसरजवळच्या माळावर त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनाच रोगाने गाठले. आयुष्यभर मुलींना शिकवणारी ही बाई शेवटी रोग्याच्या उशाशी गेली. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नाव देणे सोपे असते. त्या नावाबरोबर जो हिशेब येतो तो अवघड असतो.

हे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीत ज्या वाड्यात गव्हर्नरसाहेब पावसाळा काढीत, तेथे विद्येचा संसार थाटला गेला. देश नुकताच स्वतंत्र झालेला. आणि शिकणाऱ्या मुलाने देशासाठी काय करावे, या प्रश्नाने शिक्षणतज्ज्ञांना घेरले होते. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या स्वेच्छासेवेची शिफारस केली. पंडित नेहरूंना तर पदवी घेण्याआधी समाजसेवा सक्तीची असावी असे वाटू लागले. १९५९ साली आपले चिंतामणराव देशमुख यांच्या समितीकडे हा विषय आला. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या मराठी माजी अर्थमंत्र्याने मोठे धाडसी सुचवले : महाविद्यालयात पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीने. खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीची अडचण पाहून ही योजना बाजूला राहिली. पुढे के. जी. सैयिदैन यांनी देशोदेशींच्या पद्धती अभ्यासून सक्तीऐवजी स्वेच्छेचा मार्ग दाखवला. कोठारी आयोगानेही सेवेची बाजू उचलून धरली. अखेर गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि एखाद्या गावी सात दिवसांचे शिबिर.

वीस वर्षांचा हा काथ्याकूट एका वाक्यात सांगायचा तर असा : सेवा सक्तीची करावी तर ती वेठ होते, आणि मर्जीवर सोडावी तर ती हौस होते. या दोहोंमधली वाट काढण्याची परीक्षा फार लवकर आली. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले शिरूर आणि दौंड त्याच्या तडाख्यात सापडले. दुष्काळी कामांवर बायाबापड्या खडी फोडू लागल्या. १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने देशभर ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ ही मोहीम काढली आणि त्यानंतर ‘घाण व रोगाविरुद्ध युवक’. विद्यार्थ्यांनी बंधारे घातले, विहिरींचा गाळ काढला, लस टोचून घेण्यासाठी घरोघर जाऊन माणसे गोळा केली. शहरातल्या पोरांना कुदळ धरता येईना, हे पाहून गावातल्या पोरांना हसू आले असेल. पण एकमेकांची तोंडओळख तरी झाली.

याच १९७२ साली शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या वढू बुद्रुक गावी, आणखी एक काम सुरू झाले. संभाजीमहाराजांच्या समाधीचे गाव म्हणून हे गाव सर्वांच्या ओळखीचे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प मांडला. बानूबाई मूळच्या मुंबईच्या पारशी. १९४४ मध्ये त्या पुण्याच्या या रुग्णालयात आल्या तेव्हा तेथे अवघ्या चाळीस खाटा होत्या. त्यांच्या हयातीत ते शेकडो खाटांचे झाले. पण इस्पितळ कितीही वाढवले तरी खेड्यातली बाळंतीण तेथवर पोचतच नाही, आणि पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून सरकारी आरोग्ययंत्रणेच्या हातात हात घालून त्या खेड्यातच गेल्या.

येथे या कहाणीतला खरा विचार सुरू होतो. डॉक्टर खेड्यात गेला तरी तो तेथला होत नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जातो. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण देऊन ‘सामाजिक डॉक्टर’ घडवण्याची शिफारस केली होती. तशी खाती महाविद्यालयांतून निघालीही. परंतु पदवी घेतलेल्याचे पाय शहराकडेच ओढ घेत राहिले. वढूच्या प्रकल्पाने मग गावातलीच माणसे निवडली, त्यांना साध्या दुखण्यांची पारख शिकवली, आणि गर्भारपणातली काळजी, बाळाला पाजणे, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, लशींच्या तारखा, संततिनियमन हे सारे त्यांच्या हाती सोपवले. कोणत्या वाड्यावर कोण बाई अडलेली आहे, कोणाच्या चुलीवर दोन दिवस काही शिजलेले नाही, हे त्यांना सांगावे लागत नसे. रमाबाईंनी १८८२ मध्ये डॉक्टरीण मागितली होती. नव्वद वर्षांनी एक डॉक्टरीण शिरूरच्या खेड्यात आली आणि तिने गावातल्याच बायकांच्या हाती अर्धी डॉक्टरी देऊन टाकली. १९८८ च्या सुमारास त्यांनी किशोरवयीन मुलींसाठी साक्षरता, आरोग्य आणि हातचे कसब यांची जोड देणारे कामही उभारले. केडगावचा तो जुना त्रिवेणी संगम भीमेच्या काठी पुन्हा दिसला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९९३ मध्ये बानूबाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ साली त्या निवर्तल्या. पुढे २००५ पासून देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांत हाच विचार मोठ्या प्रमाणावर उतरलेला दिसतो.

आता विद्यापीठाकडे पुन्हा पाहू. १९९८ मध्ये आरोग्यविज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ नाशिकला निघाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. शिरूरचे बोरा महाविद्यालय आणि दौंडचे कटारिया महाविद्यालय मात्र पुणे विद्यापीठाशी जोडलेले राहिले. म्हणजे औषधाची विद्या एका घरी आणि सेवेची योजना दुसऱ्या घरी, अशी वाटणी झाली. तरीही विद्यापीठाजवळ मोलाचे काही आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांतली सर्वांत जुन्या मुळाची. भाऊरावांनी साताऱ्याच्या वसतिगृहात आणि पुढे १९४७ साली काढलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुलांना श्रमावर शिकू दिले. आज या योजनेत मुले बागेत, ग्रंथालयात, कचेरीत ठरावीक तास राबतात आणि आपल्या जेवणाखर्चाची सोय करतात. विद्यार्थ्याचे आरोग्य म्हणजे वर्षाकाठची डॉक्टरी तपासणी एवढेच नव्हे. रात्रीच्या जेवणाची भ्रांत नसणे, हाही त्याचाच भाग आहे. मुलींसाठीचे ‘निर्भय कन्या अभियान’ही याच मालिकेतले.

पण या सर्व योजनांचे मोल कशावर ठरवायचे? किती शिबिरे झाली, किती झाडे लावली, किती प्रमाणपत्रे वाटली, यांचे आकडे अहवालात छान दिसतात. घोड-भीमेच्या काठचा हा इतिहास वेगळे माप हाती देतो. शिबिर उठल्यावर गावात काय उरले? केडगावी रमाबाई स्वतः उरल्या. वढूला गावातल्या बायकांच्या हातातले ज्ञान उरले. सात दिवसांच्या शिबिराच्या मागे असे काहीच उरत नसेल, तर ती सहल झाली. आणि दुसरे माप असे : गावाकडून घेतलेली माहिती गावाला परत मिळाली का? वढूच्या परिसरात २००२ पासून घरोघरच्या जन्ममृत्यूंची सतत नोंद ठेवली जाते. तिच्यावर मोठमोठे संशोधन उभे राहते. जिच्या घरची ही नोंद, तिला त्यातले चार शब्द तिच्या भाषेत कळले, तरच ते ऋण फिटू लागले म्हणायचे.

या दोन तालुक्यांचे रूप आज पालटले आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कारखान्यांच्या वसाहती आहेत, उसाचे मळे आहेत, हमरस्त्यांवर वाहनांची रीघ आहे. दुष्काळाच्या जोडीला मधुमेह, रक्तदाब आणि अपघात आले. परगावाहून आलेला मजूर आला, ज्याचे नाव गावच्या कोणत्याच यादीत नसते. विद्यापीठाच्या मुलांना काम कमी पडेल अशी भीती नाही.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारे मूल सुटीवर आले असेल, त्यांनी फराळाच्या वेळी त्याला सहज विचारावे : तुझे शिबिर कोणत्या गावी झाले, आणि त्या गावातल्या एखाद्या बाईचे नाव तुला आठवते का? उत्तर आले, तर १८८२ च्या त्या दोन साक्षी फुकट गेल्या नाहीत असे समजावे. आले नाही, तर पुढच्या वर्षी त्याला त्याच गावी पुन्हा जाऊन यायला सांगावे.