अहर्गण

पंचांगाची पाच अंगं शाळकरी पोरालाही सांगता येतात: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पण पंचांग करणाऱ्याला या पाचांच्या आधी आणखी एक गोष्ट लागते. तिचं नाव अहर्गण. आमच्या मलकापुरात हा शब्द जोशीबुवांच्या ओसरीपलीकडे कधी गेला नाही.

अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह. एका ठरलेल्या दिवसापासून आजवर किती दिवस उलटले, ती मोजदाद म्हणजे अहर्गण. हा आकडा हाती आला की सूर्य-चंद्र कुठं आहेत ते गणितानं काढता येतं.

जुने ग्रंथ ही मोजणी कलियुगाच्या, काही तर सृष्टीच्या आरंभापासून करीत. आकडे लांबलचक होत. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० पासून मोजणी धरून 'ग्रहलाघव' रचला. त्यांनी ११ वर्षांचं एक चक्र मानलं, त्याचे दिवस ४०१६. पुरी झालेली चक्रं वेगळी ठेवायची आणि उरलेले दिवस तेवढे मोजायचे. गणित हलकं झालं, म्हणून नाव 'लाघव'.

तरी एखादा दिवस इकडचा तिकडं होतोच. कारण तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, मध्येच धोंड्याचा महिना येतो. मग पडताळा कसा घ्यायचा? वारानं. ४०१६ ला सातानं भागलं की बाकी ५ उरते. म्हणून चक्रांची संख्या पाचपट करून उरलेल्या दिवसांत मिळवायची आणि सातानं भागायचं. बाकी शून्य तर सोमवार, एक तर मंगळवार. आजचा वार जुळला नाही, तर एक दिवस मिळवायचा किंवा वजा करायचा.

म्हणजे एवढ्या मोठ्या गणिताचा खुंटा शेवटी साध्या वाराला बांधलेला! आमची आजी म्हणायची, "तीथ चुकंल, बाजार चुकायचा न्हाई." तिला अक्षरओळख नव्हती, पण आठवडी बाजारावरून ती महिनाभराचे दिवस बिनचूक सांगायची. युरोपात १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळाल्या, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. वाराची साखळी कुणी तोडली नाही.

आता पंचांगाचं गणित संगणक करतो. तोही आधी दिवसच मोजतो. मोजणी टिकली आहे. शब्द मात्र ओसरीवरच राहिला, आणि ओसऱ्याही आता थोड्याच उरल्यात.