परीटघडी

भोकरसारख्या कसब्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे सनदा, वतने आणि जमाबंदीची दप्तरे धुंडाळावयाची, असा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. परंतु त्या दप्तरांवर मोहर उमटविणाऱ्या अंमलदारांच्या शेरवान्या ज्या हातांनी सरळ केल्या, त्या हातांची दखल त्याच दप्तरांतून क्वचितच घेतली गेली, आणि म्हणूनच मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील या गावाच्या निमित्ताने परिटाच्या व्यवसायाचा, विशेषतः त्याच्या इस्त्रीचा, मागोवा घ्यावा असे मला मनापासून वाटते.

परीट हा बलुतेदार. सुगीत खळ्यावर मिळणारे धान्य हाच त्याचा मोबदला, आणि लग्नात वधूवरांसाठी पायघड्या अंथरण्याचा मान हा त्याचा परंपरागत हक्क. मात्र या जुन्या व्यवस्थेत त्याचे काम मुख्यत्वे धुण्याचे होते. कुणब्याच्या धोतराला, पागोट्याला किंवा घरच्या लुगड्याला इस्त्रीची आवश्यकता कोणास भासत नसे. मळके कपडे पापडखाराच्या पाण्यात भिजवून, पिळून, उकळत्या पाण्याच्या हंड्यावर थरावर थर रचून ठेवावयाचे, खाली रात्रभर जाळ घालून ते वाफेवर मुरू द्यावयाचे, पहाटे गाठोडी गाढवावर लादून सुधा नदीच्या किंवा जवळच्या ओढ्याच्या काठी न्यावयाची, तेथे धोंड्यावर आपटून स्वच्छ करावयाची आणि अखेरीस नीळ व कांजी देऊन उन्हात पसरावयाची, असा हा भट्टीचा विधी असे. त्यात किती खार, किती जाळ आणि किती वेळ याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे केवळ हातानेच जात असे. परटीण त्यात बरोबरीची वाटेकरी होती, किंबहुना घरोघर फिरून कपडे गोळा करणे आणि ते बिनचूक परत पोहोचविणे हा सारा भार बहुधा तिच्याच शिरावर असे.

एवढ्या घरांच्या कपड्यांचा घोटाळा कसा होत नसे, याचे उत्तर बिब्ब्यात आहे. किनवट-माहूरच्या बाजूच्या रानांत मिळणाऱ्या या फळाचे तेल सुईने टोचून काढावे, कपड्याच्या कोपऱ्यावर त्याचा ठिपका किंवा रेघ उमटवावी आणि चुन्याने ती पक्की करावी, की कितीही भट्ट्या झाल्या तरी ती काळी खूण जात नसे. अक्षरओळख नसलेल्या माणसाने प्रत्येक घरासाठी योजलेली ही चिन्हांची लिपीच होती. इंग्रजांनी या फळाला दिलेले नावही खूण करण्याच्या या उपयोगावरूनच पडले, आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परकीय सैनिकांच्या अंगावर गणवेशावरील अशाच खुणांमुळे चट्टे उठू लागले, तेव्हा 1943 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून त्या विकाराची चर्चाही झाली.

इस्त्री त्या मानाने अलीकडची. तप्त निखाऱ्यांचे भांडे फिरवून रेशीम सपाट करण्याची युक्ती चीनमध्ये प्राचीन काळापासून ज्ञात होती. आपल्याकडे मात्र उंची वस्त्रांची कुंदी करीत, म्हणजे घडी घातलेले कापड लाकडी मोगरीने ठोकून त्यावर झळाळी आणीत. मारहाणीला ‘कुंदी करणे’ म्हणण्याचा वाक्प्रचार आपल्या बोलीत राहिला. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे भाषाभ्यासक मानतात, आणि ‘पगार’ हा शब्दही त्यांचाच. खळ्यावरचे धान्य सुटून नगामागे रोख पैसे घेण्याची पद्धत परिटाच्या हाती पुढे इस्त्रीबरोबरच यावी, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

या प्रदेशात इस्त्रीला प्रतिष्ठा दिली ती निजामी अंमलाने. अव्वल तालुकदार, तहसीलदार, मुन्सिफ, वकील यांच्या अंगावर शेरवानी आली, डोक्यावर रुमी टोपी किंवा दस्तार आली, आणि सुरकुती नसलेले वस्त्र हे हुद्द्याचे लक्षण ठरले. त्या वस्त्राची किंमत कोणी मोजली हे सीमेपलीकडच्या तेलंगणाने अधिक स्पष्टपणे सांगितले आहे. तेथे देशमुखांचे आणि दौऱ्यावर येणाऱ्या अंमलदारांचे कपडे परिटांनी वेठीने धुवावेत असा जुलूम चाले, आणि त्याच जातीतील चाकली ऐलम्मा ही स्त्री 1940 च्या दशकात आपल्या कसत्या जमिनीसाठी देशमुखाविरुद्ध उभी राहिली. भोकरचे लोक तेलुगू मुलखाच्या उंबरठ्यावर राहतात. तिची कथा त्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी अंमल संपला, त्यानंतर शेरवानी गेली आणि खादी आली. खादीला तर कांजी आणि कडक इस्त्री याशिवाय रूपच येत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे नांदेड येथील केंद्र राष्ट्रध्वज तयार करते, त्याचे कापड उदगीरला विणले जाते. मराठवाड्याच्या वस्त्रपरंपरेचे याहून मोठे भूषण मला दिसत नाही.

पितळेची किंवा बिडाची, पोटात कोळसा घेणारी, मनगटाची परीक्षा पाहणारी ती जड इस्त्री मात्र हळूहळू मागे पडली. न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीने विजेच्या इस्त्रीचे पेटंट 1882 मध्येच घेतले होते, परंतु ती आपल्या खेड्यांत यावयाला आधी वीज यावी लागली, आणि राज्य विद्युत मंडळच मुळी 1960 मध्ये स्थापन झाले. त्याच सुमारास टेरिलीनही आले, ज्याला ना कांजी लागे ना भट्टी. विजेपेक्षा या धाग्यानेच परिटाचे अधिक नुकसान केले, असे माझे मत आहे. घाट ओस पडले आणि व्यवसाय बाजारातल्या एका टेबलापुरता उरला, जेथे भारनियमनाच्या दिवसांत निखाऱ्याची जुनी इस्त्रीच पुन्हा उपयोगी पडे.

ज्यांच्या घरी अशी इस्त्री, मोगरी किंवा भट्टीचा हंडा अजून असेल त्यांनी तो मोडीत घालू नये. आणि भोकर, हदगाव, किनवट या भागांतील शिक्षकांनी वृद्ध परीट-परटिणींकडे बसून बिब्ब्याच्या त्या खुणा, कोणती कोणत्या घराची यासह, कागदावर उतरवून घ्याव्यात, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.