सोड्याचे दोन घराणे

साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला तो इतका लागे, की त्यापायी सेंट हेलेन्स आणि विडनेस या गावांच्या आसपासची झाडेझुडपे करपून गेली. हा इतिहास मला पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. कारण स्वच्छ धंदा आणि घाणेरडा धंदा यांचा सरळ सामना त्यात कोठेच सापडत नाही.

जुनी रीत निकोला लब्लां या फ्रेंच वैद्याची, १७९१ सालची. मिठावर गंधकाम्ल घालून तापवावयाचे, मग कोळसा व चुनखडी मिसळून ते भाजावयाचे. सोडा मिळे, परंतु पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यातून सुटे, आणि मागे कुबट वासाच्या गाळाचे डोंगर उरत. शेजारी कोर्टात गेले, तेव्हा कारखानदारांनी धुराडी उंच बांधली. म्हणजे वायू जवळच्या शेताऐवजी दूरच्या शेतावर उतरू लागला, इतकेच!

विल्यम गॉसेजने १८३६ साली मनोऱ्यातून पाणी झिरपवून वायू विरघळविण्याची युक्ती काढली होती. पण ती सर्वांच्या गळी उतरली १८६३ च्या कायद्याने. शेकडा ९५ भाग वायू अडवलाच पाहिजे, असा तो हुकूम होता, आणि तपासणीस म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. अडवलेले आम्ल प्रथम ओढ्यांत जाई. पुढे वेल्डन आणि डीकन यांच्या रीतींनी त्यातून क्लोरीन स्वस्तात निघू लागला, आणि त्याची ब्लीचिंग पावडर कापडाच्या व कागदाच्या गिरण्यांना विकली जाऊ लागली. दंडाच्या भीतीने साठवलेला माल गल्ल्यात पैसा टाकू लागला, म्हणा ना.

इतक्यात बेल्जमच्या अर्नेस्ट सोल्व्हेची रीत आली: खारे पाणी, चुनखडी आणि अमोनिया. अमोनिया पुनःपुन्हा वापरता येई, गंधकाम्ल मुळीच नको, कोळसाही कमी. १८७३ साली ब्रनर आणि मॉण्ड यांनी चेशायरच्या मिठाच्या साठ्याजवळ विनिंग्टनला तिचा कारखाना काढला. एका घराण्यासाठी स्पेनच्या खाणींतून गंधकाचे दगड जहाजाने येत. दुसऱ्याचा कच्चा माल पायाखालीच होता. सोड्याचा भाव कोसळला. हिशेबाने लब्लांवाले बुडावयास हवे होते. पण ते तगले ब्लीचिंग पावडरीवर. कायद्याने पदरात बांधलेल्या आम्लावर! १८९० साली ते एकत्र येऊन युनायटेड अल्कली कंपनी झाली. पण लवकरच विजेने खाऱ्या पाण्यातून क्लोरीन थेट निघू लागला, आणि तो आधारही गेला. १९२६ साली दोन्ही घराणी आय. सी. आय. मध्ये सामावली.

सोल्व्हेवाल्यांना मात्र मी शुचिर्भूत म्हणणार नाही. त्यांनी ही रीत स्वस्त म्हणून घेतली, स्वच्छ म्हणून नव्हे. मिठातला क्लोरीन कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यातून वाहून जातो. त्याला वास नाही, म्हणून ओरड कमी झाली. ही रीत आपल्याकडे मिठापूरला १९३९ साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने चालविली, आणि २००६ साली त्याच कंपनीने ब्रनर-मॉण्ड विकत घेतली.